आधी व्याख्या, मग बल्ब?

सहावी ते आठवीच्या मुलांसाठी विजेची कार्यशाळा घ्यायची म्हटली की नियोजनाच्या बैठकीत एक मत हमखास मांडले जाते आणि बहुधा तेच मान्य होते. मुलांना आधी विद्युतधारा, विभवांतर, रोध या संकल्पना समजावाव्यात, परिपथाची आकृती काढून घ्यावी, शिक्षकांनी प्रयोग करून दाखवावा आणि वेळ उरलाच तर तयार किट मुलांच्या हाती द्यावे. असे म्हणणारी माणसे कामचुकार नसतात. पाया कच्चा असेल तर कृतीचा नुसता खेळ होतो, वीज जीवघेणी आहे आणि भरलेल्या वर्गात प्रत्येकाच्या हाती साहित्य देणे व्यवहार्य नाही, हे त्यांचे म्हणणे. तिन्ही आक्षेप प्रामाणिक आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही.

पायापासूनच सुरुवात करू. व्याख्येने पाया पक्का होतो, याला पुरावा काय? 1997 च्या ‘माइंड्स ऑफ अवर ओन’ या अमेरिकी माहितीपटात पदवीदानाच्या दिवशी, अंगावर झगा असलेल्या एमआयटीच्या पदवीधरांना एक सेल, एक बल्ब आणि एक तार देऊन बल्ब पेटवायला सांगितले आहे. काहींना तो पेटवता आला नाही. ओहमचा नियम यांना शिकवलेला नव्हता, असे कोण म्हणेल?

इतिहासाची साक्ष काढावी, तर तीही उलटीच निघते. व्होल्टाने आपली बॅटरी 1800 मध्ये जाहीर केली. तिच्या जोरावर डेव्हीने 1807 मध्ये पोटॅशियम आणि सोडियम वेगळे केले आणि 1820 मध्ये ओर्स्टेडला तारेजवळची चुंबकसूची हलताना दिसली. ओहमचा नियम छापून आला 1827 मध्ये. सत्तावीस वर्षे युरोपातले थोर शास्त्रज्ञ ज्या नियमावाचून काम करत राहिले, तो बारा वर्षांच्या पोराला पहिल्या तासाला यायलाच हवा, हा हट्ट कशासाठी?

आता मूल काय करते ते जवळून पाहा. होल्डर न देता टॉर्चचा सुटा बल्ब दिला, तर पुष्कळ मुले सेलच्या टोकापासून बल्बच्या बुडापर्यंत एकच तार नेतात आणि उजेडाची वाट पाहतात. त्यांच्या लेखी वीज नळाच्या पाण्यासारखी येते आणि बल्बात संपते. पेटत नाही म्हटल्यावर दुसरी तारही बुडालाच टेकवतात. कधीतरी ती घसरून बाजूच्या पितळी आट्यांना लागते आणि बल्ब पेटतो. फिलामेंटचे एक टोक बुडाशी आणि दुसरे आट्यांशी जोडलेले असते, ही गोष्ट त्या क्षणी शोधावी लागते. तयार होल्डर नेमके हेच झाकून टाकतो. किटमधला बल्ब पहिल्याच फटक्याला पेटतो आणि मुलाची चुकीची समजूत शाबूत राहते.

दोन बल्ब एकामागोमाग जोडले की मुले सांगतात, पहिला जास्त उजळेल, कारण तो वीज ‘खातो’. बाजारातले दोन बल्ब तंतोतंत सारखे नसतात, त्यामुळे एखादा खरोखरच जास्त उजळतो आणि शिक्षक अडचणीत येतात. पण दोघांची जागा बदला. उजळ बल्ब दुसऱ्या जागीही उजळच राहतो. फरक बल्बात आहे, जागेत नाही. टेबलावरच्या प्रात्यक्षिकात ही अडचण टाळली जाते, आणि शिकण्याजोगे जे काही आहे ते तिथेच असते.

धोक्याचे काय? घरच्या प्लगमध्ये 230 व्होल्ट असतात, सेलमध्ये दीड. या दोहोंना एकाच भीतीच्या गाठोड्यात बांधणे ही सावधगिरी नव्हे. खऱ्या सावधगिरीचे नियम मोजके आहेत. प्लगला हात नाही. मोबाइलची बॅटरी नाही. गिळता येतील असे बटण सेल नाहीत. साधे झिंक-कार्बन सेल घ्यावेत, कारण शॉर्ट झाल्यावर ते अल्कलाइनइतके तापत नाहीत. क्षणभर शॉर्ट केलेल्या सेलची ऊब बोटांना कळली की फ्यूज कशासाठी असतो, हे सांगणे सोपे जाते.

व्यवहार्यतेचा आक्षेप तर होशंगाबादने केव्हाच खोडला आहे. 1972 मध्ये मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात 16 ग्रामीण शाळांत स्वस्त साहित्यानिशी, प्रयोगांतून विज्ञान शिकवणे सुरू झाले आणि पुढे ते शेकडो शाळांत पोचले. 2002 मध्ये शासनाने तो कार्यक्रम बंद केला, हे खरे. पण तीस वर्षे सरकारी शाळांत चाललेल्या गोष्टीला अव्यवहार्य म्हणायचे कसे?

प्रतिपक्षाची एक गोष्ट मला मान्य आहे : विचाराविना कृती हा खेळच. खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी घरोघरी पोचवलेली छोटी मोटर घ्या. एक सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचा रबर, एक चुंबक आणि इनॅमलच्या तारेचे वेटोळे. तारेचे एक टोक चहूबाजूंनी खरवडायचे, दुसरे फक्त एका बाजूने. सांगितले तसे केले तर मोटर फिरते, मुले टाळ्या पिटतात आणि घरी जातात. म्हणून मी म्हणतो, निम्म्या गटांना दोन्ही टोके पूर्ण खरवडू द्या. त्यांचे वेटोळे डुलते, थरथरते, अडखळते. शेजारच्या गटाचे गरगर फिरते. मग भांडण सुरू होते, आणि अर्ध्या फेऱ्यात प्रवाह तोडावा का लागतो, हे शिक्षकांनी बोलण्याआधी कोणीतरी मुलगी सांगून मोकळी होते. यात खेळ किती आणि पाया किती, ते वाचकांनीच ठरवावे.