माठ कोणी भरावा?

गेल्या हिवाळ्यात शेगाव येथील एका छोट्या खासगी शाळेने आम्हांस आपल्या स्नेहसंमेलनासाठी बोलाविले होते. बुलढाणा जिल्ह्यातील हे गाव श्री गजानन महाराजांच्या समाधिस्थानामुळे सर्वांस परिचित आहे आणि मुंबई-नागपूर लोहमार्गावर असल्याने तेथे यात्रेकरूंची वर्दळ बारमाही असते. शाळा मात्र त्या वर्दळीपासून दूर, गावाच्या कडेला आहे. मुले दोनशेच्या आत. आमच्या व्याख्यानास अवकाश होता. व्हरांड्यात फिरत असता एका फळ्यावर खडूने आखलेला तक्ता दृष्टीस पडला. वर वारांची नावे, खाली मुलांची नावे आणि डाव्या बाजूस कामे : माठ भरणे, वर्ग झाडणे, ग्रंथपेटी उघडणे, शनिवारच्या बालसभेचे टिपण लिहिणे. शेगाव तालुक्याचा बराच भाग पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतो. अशा ठिकाणी गोड्या पाण्याचा माठ भरून ठेवणे हे नावापुरते काम नव्हे.

आम्ही तक्ता वाचत असताना एक वयस्क गृहस्थ शेजारी येऊन उभे राहिले. त्यांची नात त्या शाळेत चौथीत शिकते. ते म्हणाले, "सर, माह्या बापाले शाळेत बसू देत नव्हते, पण आंगण झाडाले बोलवत. आता माह्या नातीच्या हाती झाडू कायले?" मुख्याध्यापक जवळच होते. येथे सर्वांचीच पाळी येते, कोणासही वगळलेले नाही, असे त्यांनी नम्रपणे सांगितले. त्या गृहस्थांचे समाधान झाले नाही. खरे सांगावयाचे तर आमचेही पुरते झाले नाही. व्याख्यान ठरल्याप्रमाणे झाले, परंतु परत येताना तो प्रश्न आमच्या सोबत आला. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाचा मागोवा आहे.

विद्यार्थ्यांच्या सहजीवनाचा इतका बारीक तपशील विनयपिटकाइतका अन्य प्राचीन ग्रंथांत क्वचितच आढळतो. महावग्गाच्या पहिल्या खंधकात सद्धिविहारिकाने, म्हणजे शिष्याने, उपज्झायाशी कसे वागावे हे सांगितले आहे. त्याने पहाटे उठून दंतकाष्ठ व तोंड धुण्याचे पाणी द्यावे, आसन मांडावे, पात्र धुऊन ठेवावे, विहार मळला असेल तर झाडावा, पिण्याचे पाणी संपले असेल तर आणून ठेवावे. एवढेच वाचून थांबणारा म्हणेल की ही तर नेहमीची गुरुसेवा, ब्राह्मणी गुरुकुलातही ती होतीच. परंतु पुढचे प्रकरण वाचले पाहिजे. शिष्य आजारी पडला तर हीच कामे, याच क्रमाने आणि बहुतांशी याच शब्दांत उपज्झायास नेमून दिली आहेत. आता दंतकाष्ठ गुरूने द्यावयाचे आणि पात्रही गुरूने धुवावयाचे. पाली पाठांतील पुनरुक्तीला कंटाळणारे आमचे विद्यार्थी हा भाग भराभर ओलांडतात. वास्तविक या ठिकाणी पुनरुक्ती हाच आशय आहे.

याहून बोलके चित्र मज्झिम निकायातील चूळगोसिंग सुत्तात आणि उपक्किलेस सुत्तात येते. अनुरुद्ध, नंदिय आणि किम्बिल हे तिघे वनात एकत्र राहत होते. तुम्ही कसे राहता, असे भगवान बुद्धांनी विचारले. अनुरुद्धांनी दिलेल्या उत्तरात दूध आणि पाणी एकमेकांत मिसळावे तशी उपमा आहे, पण त्यापुढील मजकूर अगदी घरगुती आहे. भिक्षाटनाहून जो आधी परतेल तो आसने मांडतो आणि पाणी भरून ठेवतो. जो शेवटी येईल तो उरलेले खाऊन भांडी उचलतो आणि जेवणाची जागा झाडतो. माठ रिकामा दिसेल त्याने तो भरावयाचा. एकट्यास न उचलल्यास हाताच्या खुणेने दुसऱ्यास बोलवावयाचे, त्यासाठी मौन मोडावयाचे नाही. आणि दर पाचव्या रात्री तिघे मिळून पहाटेपर्यंत धम्मचर्चा करावयाची. येथे कामाची वाटणी कशावर ठरली आहे हे पाहण्याजोगे आहे. कोण कोणत्या कुळातला यावर नव्हे, तर कोण आधी आला आणि कोणास रिकामा माठ आधी दिसला यावर.

आता हे अनुरुद्ध कोण होते ते आठवावे. शाक्य कुळातील हा तरुण अत्यंत सुखात वाढलेला. चुल्लवग्गात कथा अशी आहे की थोरले बंधू महानाम यांनी त्यास शेतीची कामे एकामागून एक समजावून सांगितली : नांगरणी, पेरणी, पाणी देणे, कापणी, मळणी आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. ही कामे कधी संपतच नाहीत हे ऐकून अनुरुद्धाने ठरविले की घर तुम्हीच सांभाळा, मी प्रव्रज्या घेतो. (आमच्या मते पिटकातील निखळ विनोदाच्या थोड्या जागांपैकी ही एक.) प्रव्रज्येच्या वेळी शाक्य कुमारांनी आपल्या आधी उपाली या नापितास दीक्षा देण्याची विनंती केली. पुढे त्यास वंदन करावे लागेल व आपला शाक्यपणाचा अहंकार झडेल, हा त्यामागील हेतू ग्रंथातच स्पष्ट सांगितलेला आहे. तेव्हा अनुरुद्धांच्या हातातील घागर आणि झाडू यांचा अर्थ उघड आहे. ज्याने आयुष्यात ते कधी हाती धरले नव्हते, त्याने ते धरले.

याच्या शेजारी थेरगाथेतील सुनीत थेरांस ठेवून पाहावे. ते नीच मानलेल्या कुळात जन्मलेले आणि कोमेजलेली फुले झाडून काढणारे. लोक त्यांचा तिरस्कार करीत आणि ते मान खाली घालून सर्वांस वंदन करीत. मगधाच्या नगरात त्यांना बुद्धांचे दर्शन झाले व तेथेच प्रव्रज्या मिळाली. त्यानंतर ते काय करतात? एकटे अरण्यात जाऊन ध्यान करतात, रात्रीच्या तीन प्रहरांत तीन विद्या प्राप्त करतात आणि पहाटे इंद्र व ब्रह्मा हात जोडून त्यांच्यापुढे येतात. त्यांच्या गाथांत झाडू पुन्हा येत नाही. विनयाचे नियम सर्व भिक्षूंस सारखेच होते, सुनीतांनीही आपला विहार झाडला असेलच. तरीही आपली कथा सांगताना थेरांनी काय ठेवले आणि काय वगळले, याला अर्थ आहे.

विद्यार्थिजीवन म्हणजे केवळ नियम, असे मात्र पिटकात नाही. राजगृहातील सतरा मुलांची टोळी तेथे वारंवार भेटते. लेखन शिकविले तर बोटे दुखतील, हिशेब शिकविला तर छाती दुखेल, नाणी पारखण्याची विद्या शिकविली तर डोळे दुखतील, असा विचार करून आईबापांनी ज्या मुलास संघात पाठविण्याचे ठरविले, त्याच्यासोबत त्याचे सोबतीही आले. उजाडण्यापूर्वीच ती मुले यागूसाठी रडू लागली. वीस वर्षांच्या आत उपसंपदा देऊ नये हा नियम त्या रडण्यातून निघाला. हीच टोळी अचिरवती नदीत पाणी उडवीत असता राजा प्रसेनजिताने प्रासादावरून पाहिली आणि पाण्यात खेळण्याविरुद्ध नियम झाला. एका प्रसंगी मात्र आमची सहानुभूती पूर्णपणे त्यांच्या बाजूस जाते. वर्षावासासाठी त्यांनी एक मोठा विहार स्वतः दुरुस्त केला. काम पुरे होईपर्यंत षड्वर्गीय भिक्षू गप्प राहिले आणि नंतर आपण ज्येष्ठ असल्याचे सांगून त्यांनी या सतरा जणांस बाहेर काढले. ती रडत बाहेर पडली. लहानांकडून काम करवून घ्यावयाचे आणि जागा मोठ्यांनी घ्यावयाची, हा प्रकार इतका जुना आहे. त्यावर स्वतंत्र पाचित्तिय नियम करावा लागला.

आता जवळच्या काळाकडे येऊ. 1900 साली बालक भीमराव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाला. शालेय जीवनाविषयी बाबासाहेबांनी पुढे जे लिहून ठेवले त्यात दोन वस्तू लक्षात राहतात. एक पाणी : नळ त्यांनी स्वतः उघडावयाचा नाही, शिपायाने उघडला तरच तहान भागावयाची. दुसरी बसावयाचे तरटाचे फडके : ते रोज घरी न्यावयाचे व परत आणावयाचे, कारण शाळा झाडणारा नोकर त्यास शिवत नसे. त्या शाळेतही कामांची एक वाटणी होतीच, पण ती कुळावर ठरलेली होती.

त्याच साताऱ्यात 1924 साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे नामकरण श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे झाले. मुले एकत्र राहत, एका पंक्तीत जेवत आणि वसतिगृहातील कामे आपल्या हातांनी करीत. लक्ष्मीबाईंनी या मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने विकले. तत्पूर्वी कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी जातवार वसतिगृहे काढली होती. 1908 चे मिस क्लार्क बोर्डिंग हे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी होते. त्या काळी तेवढेच शक्य होते. परंतु एकाच गावात चोवीस वर्षांच्या अंतराने तरटाचे फडके आणि एक पंक्ती दिसावी, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने नोंदवून ठेवावे.

विदर्भातील कथा अधिक कष्टाची आहे. उमरेडला जन्मलेल्या जाईबाई चौधरी नागपूर-कामठी परिसरात हमाली करीत. एका मिशनरी बाईंच्या साहाय्याने त्या शिकल्या व मिशनच्या शाळेत शिक्षिका झाल्या. अस्पृश्य बाई शिकविते हे कळताच सवर्णांनी शाळेवर बहिष्कार घातला आणि त्यांची नोकरी गेली. 1922 साली त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची स्वतंत्र शाळा काढली. या शहरात किसन फागूजी बनसोडे यांनी 1907 सालीच मुलींसाठी असा प्रयत्न केलेला होता. पुढे 1937 साली नागपुरात भरलेल्या महिला परिषदेत याच जाईबाईंना जेवणास वेगळे बसविण्यात आले. ज्या बाईने शाळा उभी केली तिच्या पानाची जागा शिकलेल्या बायकांनी जातीवरून ठरविली! अनुरुद्धांच्या वनातील जेवणाची जागा येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

बाबासाहेबांच्या संस्थांनी या बाबतीत कोणता मार्ग धरला, हे आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी 1925 मध्ये सोलापूरला वसतिगृह उघडले, तेव्हा तेथील विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालविले. मुंबईत सभेने मोफत वाचनालय काढले आणि तरुणांसाठी हॉकीचा संघही उभा केला. औरंगाबादेस 1950 साली महाविद्यालय निघाले. पुढे त्यास मिलिंद हे नाव मिळाले आणि तेथील विद्यार्थ्यांनी प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक रंगभूमीवर आणले. मिलिंद हे नाव उगाच ठेवलेले नाही. मिलिंदपञ्हात नागसेन राजास प्रारंभीच विचारतात की चर्चा पंडितांच्या रीतीने करावयाची की राजांच्या. पंडित हरला तरी रागावत नाही, राजा मात्र दंड करतो. बालसभेचे याहून चांगले घटनापत्र आम्हांस ठाऊक नाही. या सर्व उपक्रमांत मुलांच्या हाती आधी काय दिले गेले ते पाहावे : लेखणी, ग्रंथ, हॉकीची काठी, नाटकातील भूमिका. झाडू त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या होताच.

शेगावपासून फार दूर नाही अशा संग्रामपूर तालुक्यातील भोन येथे, पूर्णेच्या काठी, डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी या शतकाच्या पहिल्या दशकात उत्खनन केले. त्यात विटांचा प्राचीन स्तूप आणि मातीच्या कड्यांच्या अनेक विहिरी उजेडात आल्या. तेथे कोणी भिक्षू वर्षावास करीत असतील, तर त्यांनाही माठ कोणी भरावा हे रोज ठरवावे लागत असणार.

शाळेच्या मुख्याध्यापकांस आम्ही महावग्गातील गुरुशिष्यांच्या कर्तव्यांविषयी लिहून कळविले होते. त्यांचे उत्तर फेब्रुवारीत आले. तक्त्यात आता शिक्षकांची नावेही घातली आहेत, मुख्याध्यापकांची पाळी बुधवारी येते. परंतु त्या आजोबांचा आग्रह कायम होता : नातीस यंदा ग्रंथपेटी आणि बालसभेचे टिपण द्यावे, झाडणे देऊ नये. पालकसभेत काहींनी हरकत घेतली की एकीस वगळले तर पाळीस अर्थ उरत नाही. शाळेने आमचे मत विचारले. आमच्या संस्थेतील एका सहकाऱ्यांचे म्हणणे असे की अनुरुद्धांचा दाखला निर्णायक आहे, सवलत देऊ नये. आम्ही मात्र सुनीत थेरांच्या गाथा पुन्हा वाचून, यंदा ग्रंथपेटी तिच्याकडे द्यावी, असे कळविले आहे. नातीस स्वतःला काय हवे आहे, हे मुख्याध्यापकांच्या पत्रात नव्हते. ते आम्ही उलट टपाली विचारले आहे.