एका मुळीची दोन नावे

मालवणच्या बाजारात जडीबुटी विकणारा एक फिरता माणूस अधूनमधून सतरंजी पसरून बसतो. त्याचे बोलणे ऐकण्यासारखे असते. कपाळावर टिळा असलेला गिऱ्हाईक आला की तो अश्वगंधा, कवचबीज, वाजीकरण असे शब्द वापरतो. आमच्यासारखा टोपीवाला थांबला की तेच असगंध होते, कौंच होते आणि आवाज खाली आणून तो 'कुव्वते-बाह' म्हणतो. समोरचा ढीग मात्र एकच.

कौंच म्हणजे आपली खाजकुइली. कोकणातल्या शाळेत शिकलेल्या कुणालाही तिची ओळख करून द्यावी लागत नाही, तिची लव बाकावर पडली की अख्खा वर्ग खाजवत बसतो. वैद्यांचे गोखरू हकिमांकडे खारखसक होते. मुसळीचे नाव दोन्हीकडे जवळजवळ सारखेच. ज्या सफेद मुसळीला आज एवढा भाव आहे, तिच्या शास्त्रीय नावात आपले बोरिवली आहे. फादर सांतापाव आणि फर्नांडिस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1954च्या सुमारास तिची नोंद करताना ते नाव दिले.

ही सरमिसळ बाजाराने केलेली नाही. तिच्यामागे हजारेक वर्षांचा अभ्यास आहे. इसवी सन 850मध्ये अली इब्न रब्बन तबरी यांनी 'फिरदौसुल हिकमत' पूर्ण केला. त्याचा शेवटचा भाग हिंदी वैद्यकावर असून त्यात चरक-सुश्रुतांचा आधार आहे. पुढे सिकंदर लोदीच्या काळात, 1512 साली, मियाँ भुवा यांनी संस्कृत ग्रंथांवरून फारसीत मोठा वैद्यकग्रंथ तयार केला. यूनानी औषधे इथल्या हवामानाला मानवत नाहीत आणि त्यांची नावेही इथे कुणाला कळत नाहीत, ही त्यांची अडचण होती. आमच्या दख्खनेत इतिहासकार फिरिश्ता यांनी हेच केले. अहमदनगर सोडून 1589मध्ये ते विजापूरला आले. त्यांचा इतिहास सगळे वाचतात, पण आयुर्वेदावर त्यांनी फारसीत ग्रंथ लिहिला हे कितीजणांना ठाऊक आहे? त्या वेळी दक्षिण कोकणावरही आदिलशाहीच होती. शेजारच्या गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 साली औषधींवरचे पुस्तक छापले. बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात त्याची हकिमांशी ऊठबस होती. अफूने पुरुषाची ताकद वाढते, ही समजूत त्याने तेव्हाच खोडून काढली आहे.

या जुन्या मंडळींना पुरुषाच्या शक्तीविषयी बोलायची लाज वाटत नव्हती. चरकाने चिकित्सास्थानाचा दुसराच अध्याय वाजीकरणाला दिला. तिथे संततीचा विचार आहे, दूध-तूप-उडदाच्या आहाराचा आहे, आणि सर्वांत श्रेष्ठ वाजीकरण म्हणून त्याने मनाजोगत्या पत्नीचे नाव घेतले आहे, मुळीचे नव्हे! हकीमही नुसती माजूनची बरणी पुढे सरकवत नसे. बाहची कमजोरी दिसली की आधी हृदय, मेंदू आणि यकृत तपासावे, असे यूनानी शास्त्र सांगते. आजचे डॉक्टरही या तक्रारीत साखर, रक्तदाब आणि हृदय पाहतात.

मग हे ज्ञान भिंतीवर कसे आले? छापखाने वाढले, वर्तमानपत्रे वाढली आणि जाहिरातींनी तारुण्याला घाबरवायला सुरुवात केली. उर्दू अखबारांची शेवटची पाने आम्ही लहानपणापासून पाहिली आहेत. 'मर्दाना कमजोरी' हा शब्द मुलांना आधी तिथेच भेटतो. 1954 साली केंद्राने अशा जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केला. त्याविरुद्ध दिल्लीचा हमदर्द दवाखाना सर्वोच्च न्यायालयात गेला. हमदर्दबद्दल आम्हाला आदर आहे, तरी 1959च्या निकालात न्यायालयाने त्यांचा मुख्य मुद्दा नाकारला ते बरेच झाले असे आम्हाला वाटते. न्यायालयाने कायद्याचा काही भाग रद्द केला. मात्र लोकांनी जाहिरात वाचून स्वतःच औषध घेण्याला आळा घालायचा हा हेतू मान्य केला. कायदा आजही आहे. भिंतीही रंगतातच.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आखातातून परतले. लग्नाला सहा वर्षे झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. सहा वर्षांत तपासण्या झाल्या त्या फक्त बायकोच्या. सासूचे टोमणे तिने ऐकले, दर्ग्यांना नवस तिने केले. हे मात्र चोरून चूर्ण खात होते. सुरुवातीला गुण आला म्हणून ते खूश होते. अशा पुड्यांत पुष्कळदा सिल्डेनाफिल हे इंग्रजी औषध मिसळलेले सापडते. गुण त्याचा, नाव मुळीचे! हृदयरोगाची नायट्रेटची गोळी घेणाऱ्याच्या पोटात ते गेले तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. या गृहस्थांना एके दिवशी शाळेच्या पायरीवर चक्कर आली. आम्हीच त्यांना दवाखान्यात नेले. साखर चारशेच्या वर निघाली. डॉक्टरांनी विचारले, दुसरे काही घेता का? ते बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी खिशातून एक पुडी काढून टेबलावर ठेवली. तिच्यावर ना नाव होते, ना घटक. वैद्याचे नव्हते, हकिमाचेही नव्हते.

"घरी सांगू नका, सर," ते म्हणाले.

बायको बाहेरच्या बाकावर बसली होती. डॉक्टरांनी तिला आत बोलावले.