'अक्षौहिणी' म्हणजे नेमके किती?

भारतीय युद्धात अठरा अक्षौहिणी सैन्य लढले, ७ पांडवांकडून आणि ११ कौरवांकडून, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र व्यवहारात 'अक्षौहिणी' हा शब्द 'अगणित सैन्य' एवढ्याच अर्थाने योजला जातो. मुळात तो मोजमापाचा शब्द आहे. त्याचा अर्थ प्राचीन काळीही सांगावा लागत असे. महाभारताच्या आदिपर्वात नैमिषारण्यातील ऋषी सौतीला हाच प्रश्न विचारतात.

सौतीचे उत्तर काटेकोर आहे. १ रथ, १ हत्ती, ३ घोडे आणि ५ पायदळ सैनिक मिळून एक 'पत्ती' होते. पुढे प्रत्येक पायरीवर तिप्पट करत सेनामुख, गुल्म, गण, वाहिनी, पृतना, चमू आणि अनीकिनी हे विभाग तयार होतात. दहा अनीकिनींची एक अक्षौहिणी. म्हणजेच २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ, एकूण २,१८,७००. यातील प्रत्येक संख्येच्या अंकांची बेरीज १८ येते.

'अक्ष' म्हणजे रथाचा आस, त्यावरून रथ. 'ऊहिनी' म्हणजे समूह. संधीच्या सर्वसाधारण नियमाने 'अक्षोहिणी' असे रूप व्हायला हवे होते. परंतु संस्कृत वैयाकरणांनी या शब्दासाठी अपवाद नोंदवून 'औ' मान्य केला. त्यामुळे 'अक्षौहिणी' हेच रूप शुद्ध होय.

या उतरंडीतील लहान विभागांची नावे मराठीत आजही नांदत आहेत, पण रणांगणाबाहेर. 'वाहिनी' दूरचित्रवाणीची आणि पाण्याचीही असते. 'गण' पंचायत समितीच्या निवडणुकीत मतदारसंघ म्हणून भेटतो. संस्कृतात स्त्रीलिंगी असलेली आणि ७२९ पत्तींची सेना दर्शवणारी 'चमू' मराठीत पुल्लिंगी झाली आणि 'डॉक्टरांचा चमू' म्हटले की पाच-सहा माणसेही पुरतात. अक्षौहिणीला मात्र असा दैनंदिन उपयोग लाभला नाही. ती महाभारताशीच जोडलेली राहिली.

अठरा अक्षौहिणींची बेरीज ३९,३६,६०० होते. तिला शिरगणतीचा पुरावा मानणे धाडसाचे ठरेल, कारण खुद्द महाभारतही या हिशेबाशी बांधलेले नाही. स्त्रीपर्वात धृतराष्ट्राने विचारल्यावर युधिष्ठिर मृतांचा आकडा कोटींमध्ये सांगतो. युद्धापूर्वी सैन्य पत्तीपत्तीने मोजता आले. युद्धानंतरच्या संहारापुढे ते माप अपुरे पडले. वाचलेल्यांची मोजणी मात्र सोपी होती. पांडवपक्षाकडे पाच पांडव, श्रीकृष्ण आणि सात्यकी. कौरवपक्षाकडे अश्वत्थामा, कृपाचार्य आणि कृतवर्मा. अठरा अक्षौहिणींतून हाती उरलेली ही दहा नावे.