आठ गुणांचा घाट

इंग्रजांनी जाताना आपल्याकडून जे शब्द बरोबर नेले, त्यांत 'घाट' हा एक. जी, एच, ए, टी अशी चारच अक्षरे; स्क्रॅबलच्या पटावर त्यांचे २, ४, १ आणि १ मिळून ८ गुण होतात. मधे 'यू' घालून जुन्या वळणाने लिहिला तर ९! आमच्या घरातली मुले या एका गुणासाठी हमरीतुमरीवर येतात. मला मात्र गंमत वाटते ती त्या शब्दाच्या प्रवासाची. दूर वेस्ट इंडीजमधल्या मॉन्टसेराट बेटावर डोंगरातल्या घळीलाही याच स्पेलिंगने ओळखतात.

या शब्दाचे मूळ संस्कृत 'घट्ट'. घट्ट म्हणजे नदीवर उतरण्याची जागा. आता जेथे सगळ्यांना उतरावेच लागते, तेथे पैसे मागणारा बसणारच. म्हणून 'घट्टकुटी' म्हणजे जकातीची चौकी. जकात चुकवावी म्हणून एक गाडीवान रात्रभर आडवाटेने फिरला आणि उजाडते तो चौकीच्याच दारात उभा! संस्कृत पंडितांनी या फजितीला 'घट्टकुटीप्रभातन्याय' असे भारदस्त नाव दिले आहे.

हा न्याय पाहायचा तर जुन्नरहून नाणेघाटात जावे. कल्याण आणि सोपारा या बंदरांतला माल याच वाटेने देशावर चढे. वर घाटघर गाव, आणि घाटाच्या तोंडाशी तो प्रसिद्ध दगडी रांजण. जकातीची नाणी त्यात टाकीत, अशी आपली परंपरा सांगते. शेजारच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा म्हणून ओळखला जाणारा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण नाणी यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. राजघराण्याच्या मूर्ती तेथे होत्या. आता उरली आहेत ती वरची नावे आणि खाली पावलांच्या खुणा. एवढी संपत्ती दान करणारे घराणे या वाटेवर आपली चित्रे का कोरवून घेते, हे व्यापाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

इंग्रजीत शिरताना मात्र या शब्दाचा अर्थ फुगला. आपण म्हणतो घाटावर, घाटाखाली. घाट म्हणजे वाट. परक्यांनी ते ऐकले आणि घाट म्हणजे तो डोंगरच, असे समजून घेतले. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशाच्या कर्त्यांनीच तसा तर्क केला आहे. झाले! सह्याद्रीचे 'वेस्टर्न घाट्स' झाले, आणि आपण ते उलटे उचलून 'पश्चिम घाट' म्हणू लागलो. २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले तेही याच नावाने. आंबेगाव तालुक्यातल्या आहुप्याचा शेतकरी मात्र अजून डोंगराला डोंगर आणि वाटेला घाट म्हणतो. तोच बरोबर आहे.

भांड्याचा घाट, लग्नाचा घातलेला घाट, नदीकाठचा दशक्रियेचा घाट, हे अर्थ वाचकांना ठाऊक आहेत. पण जुन्नर-आंबेगावात आणखी एक घाट आहे, आणि तो इंग्रजी कोशांत मला कोठे दिसला नाही. बैलगाड्यांच्या शर्यतीची चढाची धावपट्टी म्हणजे घाट. गावच्या यात्रेत पुढे घोडी, मागे बैल, 'भिर्रर्र' अशी आरोळी, आणि सेकंदांचा हिशेब. सर्वांत वेगवान गाडा तो 'घाटाचा राजा'.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या. बैलाच्या छळाची तक्रार खोटी नव्हती. शेपटी पिरगाळणे, टोचणे हे प्रकार होतच. पण मुलाप्रमाणे खोंड वाढवणारा मालकही खोटा नव्हता. साडेसात वर्षे या घाटांच्या नशिबी शुकशुकाट आला. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला.

तेव्हा चैत्रात घोडेगावाकडे कोणी "आज घाटात येताय का, पाव्हणं?" असे विचारले, तर तो कोकणात उतरायला निघालेला नाही, एवढे ध्यानात ठेवावे.