बंब ओरडतोय, पाणी बघ!

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं मुलाकडे इंग्लंडला, रेडिंगला होतो. तिकडच्या थंडीबद्दल नातेवाइकांना फोनवर सांगून झालंच आहे, ते पुन्हा नको. आज सांगायचं आहे ते त्याच्या घरातल्या बॉयलरबद्दल.

स्वयंपाकघरातल्या एका कपाटात भिंतीला टांगलेली पांढरी पेटी, तो बॉयलर. गॅसवर पाणी तापतं, ते नळ्यांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरतं आणि परत तापायला येतं. आंघोळीचं पाणीही हीच पेटी तापवते. पहाटे साडेपाचला तो आपोआप सुरू व्हायचा आणि पाचेक मिनिटांत आवाज यायला लागायचा... कुणीतरी भली मोठी किटली चहाला ठेवली आहे असा. आधी सूं सूं, मग घरघर, मधूनच टक्‌ टक्‌.

चार दिवस मी गप्प राहिलो. मुलाच्या संसारात नाक खुपसायचं नाही असं आमचं दोघांचं ठरलेलं आहे. पाचव्या दिवशी विचारलंच. तो म्हणाला, "बाबा, तो पहिल्यापासून असाच आवाज करतो. आम्हाला तर आता ऐकूही येत नाही."

हे 'ऐकूही येत नाही' माझ्या मनात रुतून बसलं.

वाईला आमच्या घरी तांब्याचा बंब होता. नव्या पिढीसाठी सांगतो : मधोमध उभा नळा, त्यात पेटते निखारे, भोवती पाणी, खाली राख पडायला जागा आणि बाजूला तोटी. पुण्याच्या तांबट आळीत असे बंब ठोकून ठोकून घडवत. आमच्या बंबाची कारभारीण आजी. ती माजघरात ताक घुसळत असायची आणि तिथूनच ओरडायची, "अरे, बंब ओरडतोय, पाणी बघ!" आम्ही धावत जाऊन बघावं तर खरंच पाणी खाली गेलेलं. नळ्याभोवती पाणी नसताना जाळ राहिला तर सांधा सुटतो आणि बंब तांबटाकडे न्यावा लागतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण माजघरात बसून तिला कळायचं कसं?

मी इतिहासाचा मास्तर, तोही मराठी माध्यमातून बी.ए. झालेला. विज्ञानात माझी गती बेताची. पण रेडिंगला वेळच वेळ होता, आणि ग्रंथालय दहा मिनिटांवर. तिथे कळलं की आजीच्या प्रश्नात मोठमोठी माणसं गुंतली होती.

मँचेस्टरला ऑस्बर्न रेनॉल्ड्स नावाचे प्राध्यापक होते. १८९४ साली त्यांनी मध्ये अरुंद केलेल्या काचेच्या नळीतून जोरात पाणी सोडलं. अरुंद जागी पाण्याचा वेग वाढतो, दाब उतरतो, आणि साधं थंड पाणीसुद्धा तिथे उकळल्यासारखे बुडबुडे धरतं. त्या वेळी किटलीसारखाच आवाज येतो. किटलीत काय होतं, तर तळाशी वाफेचे बुडबुडे होतात, ते वर येतात, वरच्या कमी तापलेल्या पाण्यात त्यांची वाफ निवते आणि ते फट्‌कन मिटतात. असे असंख्य बुडबुडे मिटण्याचा आवाज म्हणजे किटलीचं गाणं. सगळं पाणी सारखं तापलं की बुडबुडे न मिटता वर पोचतात आणि तो सूं सूं थांबतो. म्हणजे पाणी 'बोलतं' ते एकीकडे फार तापलेलं आणि दुसरीकडे थंड असतं तेव्हा.

पुढे लॉर्ड रॅले यांनी हे वाचलं. आर्गॉन वायूच्या शोधाबद्दल १९०४ साली नोबेल मिळालेले हे गृहस्थ. १९१७ साली त्यांनी मिटणाऱ्या बुडबुड्याचं गणित मांडलं, आणि किटलीच्या आवाजाचं रेनॉल्ड्सनी केलेलं वर्णन वाचून आपण या विचाराला लागलो, असं त्या लेखात सुरुवातीलाच सांगितलं. बुडबुडा मिटताना शेवटच्या क्षणी दाब प्रचंड वाढतो, असं त्यांच्या गणितातून निघालं. जहाजांचे पितळी पंखे पाण्यात खड्डे पडून झिजत, ते का, याचा उलगडा या विचारातून होऊ लागला. किटलीपासून जहाजापर्यंत! वर्गात हे सांगायला मिळालं असतं तर काय मजा आली असती.

आता रेडिंगकडे. त्या भागात जमिनीखाली खडूचा खडक आहे. पाणी त्यातून झिरपताना चुना विरघळवून आणतं, आणि तापलं की तोच चुना पांढरा थर होऊन बसतो. बॉयलरच्या आत असा थर साठला की उष्णता पुढे सरकत नाही, धातू जागोजागी नको इतका तापतो, तिथे पाणी स्थानिक उकळी धरतं आणि किटली गाऊ लागते. इंग्रज कारागीर या दुखण्याला 'केटलिंग' म्हणतात ते उगीच नव्हे. आमच्या बंबातही असा थर धरायचा, आजी दर दिवाळीआधी तो खरवडून काढायची.

बॉयलरचा इतिहास वाचताना आणखी एक गोष्ट दिसली. जुन्या इंग्रजी घरांत स्वयंपाकाच्या चुलीमागेच बॉयलर बसवलेला असे. कडाक्याच्या थंडीत त्याच्या नळ्यांत बर्फ धरलं आणि सकाळी कुणी चूल पेटवली, की वाढत्या दाबाला वाट नसे आणि स्वयंपाकघरातच स्फोट होई. १८८२ साली तिथे बॉयलरस्फोटांच्या चौकशीचा कायदा झाला, पण निव्वळ घरगुती वापराचे बॉयलर त्यातून वगळले होते. आपल्याकडे १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं दगावली, त्यानंतर १८६४ मध्ये बंगालात तपासणीचा कायदा आला. ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एकच कायदा व्हायला १९२३ साल उजाडलं. त्यातली व्याख्या अशी, की पाच गॅलनपेक्षा मोठं, दाबाखाली वाफ तयार करणारं बंद भांडं म्हणजे बॉयलर. २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. आजीचा बंब या व्याख्येत कुठून बसणार! गिरणीच्या बॉयलरला सरकारी तपासनीस होता. घरातल्या भांड्याला फक्त घरातल्यांचे कान.

आणि इथेच मला एक जुनी गोष्ट कबूल करायची आहे. नातेवाइकांतल्याही थोड्यांनाच ती ठाऊक आहे.

२००९ च्या डिसेंबरात आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये, बाथरूममध्येच गॅस गिझर होता. तो पेटताना 'भप्प' असा आवाज करायला लागला होता. सौ. दोनदा म्हणाली, "अहो, हा हल्ली दचकवतो मला." मी पेपरातून मान वर न करता म्हणालो, "जुना झालाय, करणारच." एका सकाळी थंडी म्हणून तिने खिडकी लावून घेतली. हाक मारली तर ओ नाही. नशीब, तिने कडी काढली होती. दाराशीच कोसळलेली सापडली. दवाखान्यात ऑक्सिजन दिला, संध्याकाळपर्यंत ती सावरली. मिस्त्रीने गिझर उघडला तेव्हा बर्नर काजळीने भरलेला होता. गॅस लगेच पेट घेत नव्हता, थोडा साठून मग एकदम पेटायचा, तोच तो 'भप्प'. आणि हवा पुरत नसल्यामुळे कार्बन मोनॉक्साइड तयार होत होता. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट अधिक चिकटतो. त्याला वास नाही, रंग नाही, आवाज तर नाहीच. म्हणूनच इंग्रज खाणकामगार कॅनरी पक्षी बरोबर नेत, थेट १९८६ पर्यंत. आमच्या घरात कॅनरी नव्हता. 'भप्प' होता, पण तो मी ऐकला नाही.

तेव्हा रेडिंगला मी नेम मोडला आणि मुलाला म्हणालो, "माणूस बोलाव. पैसे मी देतो." तो हसला, पण त्याने बोलावला. (तिथे गॅसच्या कामाला नोंदणी झालेलाच माणूस लागतो, असा कायदा आहे.)

आलेल्या कारागिराने दोन मिनिटं नुसतं ऐकलं. मग विचारलं, "दाबाचा काटा खाली येतो का? पाणी किती वेळा भरता?" मुलगा म्हणाला, "दर दोन-तीन आठवड्यांनी." कारागीर म्हणाला, "मग ते पाणी जातं कुठे?" माझ्या अंगावर काटाच आला. अगदी आजीचा प्रश्न! रेडिएटरचं पाणी बंद चक्रात फिरतं, ते संपायचं कारणच नाही. शोधल्यावर वरच्या खोलीत एका रेडिएटरच्या व्हॉल्व्हपाशी गालिच्याखाली बारीक गळती सापडली. दर वेळी नवं पाणी भरलं जाई, त्याबरोबर नवा चुना येई, शिवाय नव्या हवेने रेडिएटरचं लोखंड गंजून काळा गाळ होई. गळती बुजवली, आतून सगळं धुऊन काढलं. ज्योतही तपासली, ती निळी आणि ठीक होती. कार्बन मोनॉक्साइड ओळखणारं यंत्र मात्र मी त्याच आठवड्यात आणवलं.

जाता जाता मी त्या कारागिराला नळ बंद केल्यावर भिंतीत होणाऱ्या 'धाड्‌' बद्दलही विचारलं. ते वेगळं. वाहतं पाणी एकदम अडलं की त्याचा धक्का नळीला बसतो. निकोलाय झुकोव्स्की यांनी मॉस्कोच्या नळांवर प्रयोग करून १८९८ साली त्याचा हिशेब मांडला : सेकंदाला एक मीटर वेगाचं पाणी अचानक थांबलं तर लोखंडी नळात दहा-बारा वातावरणांइतका दाब क्षणात उठतो. उपाय साधा, नळ हळू बंद करा.

असो. बॉयलर आता पहाटे नुसता गुणगुणतो. सौ.ला सांगितलं, तर म्हणाली, "बरं झालं. आवाज ऐकायला शिकलात तुम्ही, पंधरा वर्षांनी का होईना."

तुमच्या घरात कुठला आवाज आहे, जो आता तुम्हाला ऐकू येत नाही? एकदा पाहुण्याला विचारून बघा.