नफ्ल रोजे : कधी ठेवावेत, कधी थांबावं

रमजानचे रोजे फर्ज आहेत, त्याबद्दल आपल्या घरांत सगळ्यांना माहिती असते. नफ्ल रोजांबद्दल मात्र अर्धवट माहितीच जास्त. मानवतला आमच्या घरी गेली काही वर्षं सोमवार-गुरुवारचे रोजे अधूनमधून ठेवले जातात. शेजारपाजारचे आणि विद्यार्थ्यांचे पालक त्याबद्दल विचारतात, म्हणून हे एका जागी लिहीत आहोत.

आधी दिवस पाहू. सोमवार आणि गुरुवार हे पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या नेहमीच्या रोजाचे दिवस. प्रत्येक चांद्रमासाच्या १३, १४ आणि १५ तारखांना अय्यामे-बीज म्हणतात, म्हणजे उजळ रात्रींचे दिवस. शव्वालचे सहा रोजे ईदनंतर सलग किंवा सोडून-सोडून ठेवता येतात. जिलहिज्जाची ९ तारीख अरफाची. हा रोजा हजला न गेलेल्यांसाठी. मुहर्रमची १० तारीख आशुराची, तिला ९ किंवा ११ जोडून घेतात. रमजान सोडला तर पैगंबरांचे (स.) सर्वांत जास्त रोजे शाबानमध्ये असत.

रोजा चालत नाही असे दिवस पाचच : ईदुल फित्र, ईदुल अज्हा आणि तिच्यानंतरचे तीन, म्हणजे जिलहिज्जाची ११, १२ आणि १३. त्यामुळे त्या महिन्यात अय्यामे-बीजची १३ तारीख सोडावी लागते. फक्त शुक्रवार ठरवून एकटा धरणंही पसंत केलेलं नाही. गुरुवार किंवा शनिवार सोबत घ्यावा.

नफ्लची नियत सकाळी उशिरापर्यंत करता येते, अट एवढीच की सुबह-सादिकपासून काही खाल्लं-प्यालेलं नसावं. आणि हनफी मसलकाप्रमाणे नफ्ल रोजा सुरू करून मध्येच मोडला तर त्याची कजा द्यावी लागते. हे पुष्कळांना माहीत नसतं. ज्या बहिणींचे रमजानचे रोजे राहिलेत, त्यांनी आधी ते पुरे करणं बरं. फर्ज डोक्यावर ठेवून नफ्लच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

कजासाठी हिवाळा उत्तम. आपल्या भागात डिसेंबरात रोजा साधारण सव्वाबारा तासांचा होतो, जूनमध्ये साडेचौदा तासांच्या वर जातो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा शेतात कापसाच्या पऱ्हाट्या उपटणाऱ्या माणसाचा रोजा आणि पंख्याखाली बसणाऱ्याचा रोजा एक कसा समजायचा?

आमचा अनुभव सांगायचा तर पहिल्या दिवसांत भुकेपेक्षा चहा जास्त आठवतो. दुपारी तिसऱ्या-चौथ्या तासाला डोकं धरतं. ते उपाशीपणापेक्षा चहाच्या सवयीमुळे. आदल्या आठवड्यात कप कमी केले की त्रास निम्म्यावर येतो. सहेरीला तेलकट पराठ्याऐवजी ज्वारीची भाकर, दही, एखादं अंडं घेतलं तर संध्याकाळपर्यंत निभतं. इफ्तारला खजूर, पाणी आणि थोड्या वेळानं जेवण. भजी-समोशांची परात पुढे आली की दिवसभराचा हिशेब तिथेच बुडतो. आमचे हिंदू सहकारी ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणतात, ते आपल्यालाही लागू आहे.

मनाचं म्हणाल तर वर्गात ते लवकर कळतं. रोजा असला की आवाज चढवायच्या आधी एक क्षण थांबायला होतं. पोरांनाही फरक कळतो. आमच्या मते नफ्लचा मोठा फायदा हाच. वजन वगैरे नंतरचं.

आरोग्याच्या दाव्यांबाबत जरा जपून. २०१६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना मिळालं, ते पेशी स्वतःचेच टाकाऊ भाग कसे मोडून पुन्हा वापरतात या शोधासाठी. त्यांचं मूळ काम यीस्टवर होतं. ‘रोजानं कॅन्सर बरा होतो हे नोबेलनं सिद्ध केलं’ असे मेसेज फिरतात, ते पुढे पाठवू नयेत. रोजाला अशा आधाराची गरज नाही.

आमच्या घरात खरा पेच अम्मींचा झाला. त्यांना शुगर आहे, आणि अरफाचा रोजा सोडायला त्या तयार नव्हत्या. चक्कर आली तरी सांगायच्या नाहीत. शेवटी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी समजावलं की ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी उपाशीपोटी शुगर एकदम खाली जाऊ शकते. गोळ्यांची वेळ आणि डोस आपल्या मनानं बदलायचा नाही. शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडायचा. बोटातून रक्त काढून तपासल्यानं रोजा तुटत नाही, हे मौलानांकडून ऐकल्यावर अम्मी तपासायला तयार झाल्या.

त्यांना आम्ही हजरत सलमान फारसी (र.) यांचा किस्सा सांगितला. हजरत अबू दरदा (र.) सतत रोजे ठेवत आणि घराकडे दुर्लक्ष होई. सलमान (र.) पाहुणे आले, तुम्ही खाल्ल्याशिवाय मी खाणार नाही म्हणाले आणि त्यांना नफ्ल रोजा सोडायला लावला. शरीराचा आणि घरच्यांचाही आपल्यावर हक्क आहे, ही त्यांची समजूत पैगंबरांनी (स.) बरोबर ठरवली.

अम्मी ऐकून गप्प बसल्या. आता त्या अरफाला सहेरीला आमच्यासोबत उठतात, दुआ करतात आणि सकाळी वेळेवर नाश्ता करून गोळी घेतात. संध्याकाळी इफ्तारचं ताट मात्र त्याच लावतात; त्यात दुसऱ्या कुणाला हात घालू देत नाहीत.