कॅम्प नावाची वस्ती

यवतमाळचा सिंधी कॅम्प पाहून इथे कधीकाळी निर्वासित उतरले होते, हे आजच्या मुलांना सांगूनही पटणार नाही. नाव तेवढे 'कॅम्प' राहिले.

पंजाब आणि बंगाल फाळणीत दुभंगले, तरी त्यांचा निम्माशिम्मा भाग भारतात उरला. सिंध मात्र १९४७ साली अख्खा पाकिस्तानात गेला. परत जायला पंजाब्याला पंजाब होता, सिंध्याला काहीच नव्हते. हाच सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. कराचीतली एक नामांकित शाळा आजही सिंधच्या शिक्षण खात्यात काम केलेल्या नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाने ओळखली जाते.

पहिले काही महिने बरेच सिंधी हिंदू घर सोडायला तयार नव्हते. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली आणि धीर खचला. कुणी बोटीने मुंबई गाठली, कुणी रेल्वेने राजस्थान. कल्याणजवळच्या लष्करी बराकींत हजारो कुटुंबे कोंबली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्याच जागी उल्हासनगरची कोनशिला बसली. यवतमाळ तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात. त्या प्रांतात कटनी, बिलासपूरजवळचे चकरभाठा इथे छावण्या निघाल्या, नागपुरात जरीपटका वसला.

हाताशी भांडवल नाही, सातबारा नाही आणि मुलूख कापसाचा. म्हणजे पैसा हंगामात येणार, एरवी सगळा व्यवहार उधारीचा. अशा बाजारात या माणसांनी पापड, गोळ्या-बिस्किटे, कापडाचे तुकडे डोक्यावर घेऊन विकले. साखर खरेदीच्याच भावात द्यायची आणि रिकामे पोते विकून येईल तो नफा मानायचा, अशी त्यांची गोष्ट अजून सांगतात. जुन्या दुकानदारांना ते झोंबणारच! 'भाव पाडतात' ही तक्रार तेव्हापासूनची. गिऱ्हाईक मात्र खूश होते. 'निर्वासित' म्हटलेले त्यांना आवडत नसे. 'आम्ही पुरुषार्थी' असे ते म्हणत. यात थोडा ताठा असेल, पण तो कष्टाचा होता.

दुकान उभे राहिले, भाषेचे काय? सिंधीला आठव्या परिशिष्टात जागा मिळायला १० एप्रिल १९६७ उजाडले. तोवर लिपी अरबी की देवनागरी, या वादातच एक पिढी मराठी-हिंदी शाळांतून शिकून बाहेर पडली. आजोबांची पत्रे नातवाला वाचता येत नाहीत. दुकान गेले तर पुन्हा काढता येते. हे नुकसान कुठल्याच सरकारी भरपाईत बसले नाही.

भरपाईचा कायदा १९५४ चा. तरीही महाराष्ट्रातल्या अनेक सिंधी वसाहतींत घराखालच्या जमिनीची मालकी कागदावर अडकून राहिली. घर आपले, जमीन सरकारची. मग कर्ज कुठून मिळणार आणि वाटणी कशी होणार? या जमिनींसाठी राज्य सरकारने अभय योजना मंजूर केली ती २०२५ मध्ये, फाळणीनंतर ७८ वर्षांनी. छावणीत जन्मलेली मुले तोवर पणजोबा झाली होती.